केबिनमधला फ्रिज

आमच्या गाडीत फ्रिज आला तो इन्सुलिनसाठी. गाडी म्हणजे ट्रक, पण ट्रक चालवणाऱ्याच्या घरात त्याला ट्रक कुणी म्हणत नाही. ती शेठची होती. माझा नवरा ती इतकी वर्षं चालवत होता की सुरतेला डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत सगळे तिला आमचीच समजायचे. सुरतेच्या मार्केटमधून साड्यांच्या गाठी भरायच्या, नवापूर, धुळे, जळगाव, अकोला करत नागपूरला उतरवायच्या आणि मिळेल तो माल घेऊन परत यायचं, असं ह्यांचं आयुष्य.

ह्यांना साखर होती, गोळ्या चालू होत्या. मग गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी सुई सुरू केली. एका फेरीत ह्यांना रस्त्यात घाम फुटला. कशीबशी गाडी पेट्रोलपंपावर घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हे बसून राहिले. पंपावरच्या माणसाला आधी वाटलं, पिऊन आलाय. नशीब, तिथल्याच कुणाच्या तरी घरी साखरेचं माणूस होतं, त्याने ओळखलं आणि गूळपाणी पाजलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे गाडीत एकटं जायचं नाही. क्लीनर तर कधीच सोडून गेला होता, पार्सल वाटायच्या कामाला. आजकाल क्लीनर म्हणून कुणी यायलाच तयार नसतं. मुलीचं लग्न झालेलं. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम करत होते. म्हटलं, लेस काय कुणीही लावेल. मीच येते.

हसले हे. पण नाही म्हणाले नाहीत.

सुरुवातीला इन्सुलिन आम्ही थर्मासमध्ये बर्फ टाकून न्यायचो. सोनगडच्या पुढे गेलं की बर्फाचं पाणी व्हायचं, बाटल्या त्यात तरंगायच्या, त्यांच्यावरचे कागद सुटून यायचे. धाब्यावर बर्फ मागायचा, तो मिळाला तर मिळाला. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा असा तापतो की खिडकीच्या कडेला हात लागला तरी चटका बसतो, शिवाय इंजिनाची धग खालून येत असते. एकदा बाटली हातात घेतली तर ती कोमट. तरी तीच टोचली. त्या फेरीत ह्यांची तहान काही केल्या भागेना, सारखी गाडी थांबवून लघवीला उतरत होते. परत आल्यावर रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले.

मग ह्यांनी कुठूनतरी तो फ्रिज आणला. कुणाच्या तरी सहलीच्या गाडीतून काढलेला, जुना, पिठाच्या डब्याएवढा. वर झाकण, समोर एक हिरवा दिवा. तो बसवायला आम्ही भेस्तानला रस्त्याकडेच्या एका वायरमनकडे गेलो. त्याने फ्रिज उलटापालटा करून पाहिला आणि मान हलवली.

"काका, हा बारा व्होल्टचा. तुमची गाडी चोवीसची. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस होतात. मध्ये रिड्युसर लागेल, चोवीसचे बारा करणारा डबा."

"मग लाव ना."

"अत्यारे नथी. आत्ता नाही, परवा येईल."

हे घड्याळाकडे बघत होते. गाडी संध्याकाळच्या आत भरायची होती आणि मार्केटमधून दोनदा फोन येऊन गेला होता. "दुसरं काही होतं का?"

वायरमनने थोडा विचार केला. "एकाच बॅटरीवरून बारा काढून देतो. चालेल फ्रिज. पण कामचलाऊ हं, काका. परत आलात की रिड्युसर लावून घ्या. विसरू नका."

"आलो की लावतो," हे म्हणाले.

आमच्या गाडीला बॅटऱ्यांचा डबा डाव्या अंगाला, केबिनच्या मागे, चॅसीला लावलेला. म्हणजे मी बसायचे त्या दाराच्या लगेच मागे. वायरमनने तिथून वायर काढली, सीटखालून आत आणली, फ्रिजला जोडली. हिरवा दिवा लागला आणि आत काहीतरी गुणगुणायला लागलं. हे लहान मुलासारखे झाकण उघडून परत परत आत हात घालून बघत होते.

त्या फेरीत आम्ही गार पाणी प्यालो, गार ताक प्यालो. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, दही, सगळं ताजं. डॉक्टरांनी ह्यांना अंडी खायला सांगितली होती, ती पण मी ठेवली. रस्त्याच्या कडेला छोट्या शेगडीवर स्वयंपाक करताना मला घरच्यासारखं वाटायचं. इन्सुलिनच्या बाटल्या एका कोपऱ्यात, डबीत उभ्या. सुरतेला परत आलो तर गाडी लगेच भरायला लागली. भेस्तानला जायचं राहिलं. पुढच्या वेळी पण राहिलं. चांगला चाललाय तर कशाला हात लावायचा, असंही झालं.

वास पहिल्यांदा कधी आला ते मला नेमकं आठवत नाही. धुळ्याच्या अलीकडे कुठेतरी असेल. खिडकी उघडी होती आणि सडक्या अंड्याचा वास आला, आला आणि गेला. मी म्हटलं, अंडं फुटलं असेल. गाडी थांबल्यावर फ्रिज उघडला. अंडी धड होती. तरी मी ती सगळी तिथल्या कुत्र्याला घातली, फ्रिज सोड्याने पुसला, झाकणाच्या रबरात बोट घालून घालून धुतला.

दुसऱ्या दिवशी वास परत आला.

"तुमले वास येत नही का?" मी ह्यांना विचारलं. आम्ही दोघं असलो की घरचीच बोली, अहिराणी.

ह्यांनी नाक वर केलं. "कसाना?"

"सडेल अंडासना."

"माले काही येत नही. रस्तावर काही मरेल व्हई."

ह्यांना खरंच येत नव्हता. ते उजवीकडे, मी डावीकडे. गाडी चालू असली की वारा तो मागे घेऊन जायचा. थांबलो, इंजिन चालू ठेवून उभे राहिलो, की मला यायचा. तेव्हा एवढं लक्षात आलं नाही. एवढंच कळलं की हा वास फक्त मलाच येतो, आणि जी गोष्ट आपल्या एकट्यालाच येते तिची माणसाला जास्त भीती वाटते.

अंडी ठेवणं मी बंद केलं. दही बंद केलं. शेवटी फ्रिजमध्ये नुसतं पाणी आणि इन्सुलिन. वास येतच राहिला.

आणखी एक गोष्ट झाली. केबिनच्या मागे, डाव्या बाजूला, मी एक दोरी बांधली होती. धुतलेले कपडे त्यावर वाळत घालायचे. एकदा ह्यांचा पंचा काढला तर त्याला बारीक बारीक भोकं. सुईने टोचल्यासारखी. मला वाटलं, कुणाच्या विडीच्या ठिणग्या उडाल्या असतील. मग माझ्या परकराला पडली. परकर झटकला तर भोकाच्या कडा भुगा होऊन गळाल्या. पण त्याच दोरीवरची साडी धड होती, तिला काही नाही. साडी पॉलिस्टरची, पंचा आणि परकर सुती. कापडात आयुष्य गेलेलं, त्यामुळे हे माझ्या लगेच लक्षात आलं. वाळवी सूत खाते, कसर सूत खाते, पण रस्त्यावरच्या गाडीत एका रात्रीत कोण येऊन फक्त सूतच खातं? मी दोरी सोडून टाकली. ह्यांना पंचा दाखवला तर म्हणाले, "जुना शे तो."

मग मला वेगळीच शंका यायला लागली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साखरेच्या माणसाच्या पायाला जखम झाली तर त्याला कळत नाही. आत सडत जातं, दुखत नाही, वासावरूनच घरच्यांना समजतं. आमच्या गल्लीत एक लूमवाले काका होते, त्यांचं तसंच झालं होतं. त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहिलं तरी कळायचं. शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

एका दुपारी अमळनेरच्या फाट्यापाशी आम्ही निंबाखाली गाडी लावली. हे खाली सतरंजी टाकून झोपले. मी त्यांच्या पायांशी बसले आणि ह्यांना जाग येणार नाही अशा बेताने एकेक बोट वेगळं करून बघितलं. तळवे बघितले. टाचेच्या भेगा बघितल्या. वाकून वास घेतला. पायांना घामाचा आणि डिझेलचा वास होता, दुसरा काही नव्हता. मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण वारा फिरला आणि गाडीकडून तो वास परत आला. मी तिथेच बसून गाडीकडे बघत राहिले. एवढी मोठी गाडी, साड्यांच्या गाठींनी वरपर्यंत भरलेली, ताडपत्री आवळून बांधलेली. तिच्यातच कुठेतरी काहीतरी सडत होतं आणि ते मला सापडत नव्हतं.

त्याच सुमाराला फ्रिज ओरडायला लागला. गाडी बंद करून थोडा वेळ झाला की हिरवा दिवा लाल व्हायचा आणि पी-पी असा आवाज यायचा. मग फ्रिज बंद. सकाळी गाडी पण आळस द्यायला लागली. किल्ली फिरवली की आधी कण्हायची, मग कशीतरी चालू व्हायची. ह्यांनी बॅटरीचा डबा उघडला. दोनपैकी एका बॅटरीचं पाणी पार तळाला गेलेलं. ते भरलं. पुढच्या थांब्याला परत खाली. "हाई बॅटरी लई पानी पेस," हे म्हणायचे. तिच्या अंगावर पांढरट-हिरवी भुकटी जमायची, डब्याच्या रंगाचे पोपडे निघाले होते. ह्यांनी उपाय काढला. विसाव्याला थांबलो तरी इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे बॅटरी चार्ज होते आणि फ्रिज बंद पडत नाही. आणि इंजिन जितका वेळ चालू राहील तितका तो वास वाढायचा. खिडकी लावून घेतली तरी येऊन पोचायचा. माझं डोकं दुखायला लागलं, घसा खवखवायला लागला.

"सुरतले गयात का पहिले भेस्तान," मी म्हटलं. "कबूल करा."

"कबूल," हे म्हणाले.

त्या फेरीत सुरतेपर्यंतचा परतीचा माल मिळाला नव्हता. नागपूरहून निघताना अकोल्यापर्यंत चणे भरले, तिथून रिकामेच निघालो. धुळं मागे गेलं. कोंडाईबारीचा घाट पुढे होता. घाटाआधी एका धाब्यावर जेवायला थांबलो. ऊन असं की डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. डिझेल बेताचं होतं म्हणून ह्यांनी त्या दिवशी इंजिन बंद केलं. गाडीच्या सावलीत, बरोबर बॅटरीच्या डब्याखाली, धाब्यावरचं कुत्रं येऊन बसलं. जरा वेळाने ते उठलं, शिंकलं आणि उन्हात जाऊन बसलं.

आमचं जेवण होईस्तोवर फ्रिज ओरडून बंद पडला होता. हे वर चढले, किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. नुसतं टक.

शेजारी टोमॅटोची गाडी लागलेली होती, नाशिककडच्या एका ड्रायव्हरची. चांगला माणूस. म्हणाला, "केबल आहे माझ्याकडे. माझ्या बॅटरीवरून स्टार्ट देऊ." त्याने आपली गाडी जवळ आणली, इंजिन चालू ठेवलं आणि जाड केबली ओढत घेऊन आला. ह्यांनी डब्याचं झाकण काढलं.

वास असा आला की मी पदर नाकाला लावला. या वेळी तो ह्यांनाही आला. मी त्यांच्या तोंडावर बघितलं. त्यांनी नाक मुरडलं, खाली बघितलं. डब्यातली एक बॅटरी दोन्ही अंगांनी फुगली होती, डबा तिला पुरत नव्हता. आणि तिच्यातून शेगडीवर पाणी उकळावं तसा बारीक बुडबुडण्याचा आवाज येत होता. गाडी केव्हाची बंद होती आणि तरी तो आवाज येत होता.

"अहो, नका," मी म्हटलं. "मिस्त्री बलावा."

"मिस्त्री येवाले संध्याकाय व्हई. ऊन देखं का तू? इन्सुलिन तापी जाई."

"तापू द्या. दुसरं इकत लिऊत."

ह्यांनी ऐकलं नाही. नाशिकवाल्याने आपल्या बाजूचे चिमटे लावले. ह्यांनी एक चिमटा लावला. दुसरा हातात घेतला आणि वाकले. मी काय ओरडले ते मला आता आठवत नाही. नुसतं "अहो" म्हटलं असेल. आवाज मात्र मोठा निघाला असणार, कारण ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. चिमटा तेव्हा टेकला. निळसर ठिणगी मी पाहिली.

टायर फुटावा तसा आवाज झाला. बॅटरीचं झाकण उडून गाडीच्या बाजूला आपटलं. हे मागे पडले नाहीत, उभेच राहिले, दोन्ही हात तोंडापासून लांब धरून, आणि मग ओरडले, "डोया! मना डोया!"

धाब्यावरून माणसं धावत आली. कुणी म्हणालं, दूध टाका. कुणी तूप आणायला पळालं. नाशिकवाला ओरडला, "काही लावू नका! पाणी! नुसतं पाणी!" गाड्या धुवायला एक नळी होती, हौदापाशी. मी ह्यांना दंडाला धरून तिकडे ओढत नेलं, खाली बसवलं, आणि ती नळी त्यांच्या तोंडावर धरली. हे डोळा मिटून घेत होते. मी एका हाताने पापणी वर ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने पाणी. ते कळवळत होते, माझा हात झटकत होते. मला त्यांनी शिव्या पण दिल्या. मी सोडलं नाही. पाणी हौदात कमी व्हायला लागलं तसा धाबेवाला वरून बादल्या ओतत होता. बघता बघता ह्यांच्या शर्टाची डावी बाही भिजल्या कागदासारखी तुकड्यातुकड्यांनी गळून पडली.

माझ्या बोटांची कातडी नंतर सोलून निघाली. तेव्हा काही जाणवलं नाही.

धाबेवाल्याच्या जीपमधून धुळ्याला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच घातलं ते बरं केलं. आणि मान वळलेली होती म्हणून एकाच बाजूवर निभावलं. पण त्या बाजूचं काय होईल, ते सांगता येणार नाही. शेठचा फोन आला. आधी गाडी कुठे आहे ते विचारलं, मग डोळ्याचं. मग विचारलं, "वायर कोणी जोडायला सांगितली होती?" मी फोन ह्यांच्याकडे दिला नाही.

गाडीतलं आमचं सामान आणायला मी आणि जावई गेलो तेव्हा शेठने पाठवलेला मिस्त्री काम करत होता. त्याने मला समजावलं. दोन्ही बॅटऱ्यांना गाडी एकदमच चार्ज करते, सारखंच. फ्रिज मात्र एकीलाच शोषत होता. ती कायम उपाशी, तिची भूक भागवायला गाडी चार्ज ढकलत राहायची, आणि तो आधीच भरलेल्या दुसरीच्या पोटात जायचा. ती दुसरी उकळायची, तिचं तेजाब, म्हणजे ॲसिड, हवेत उडायचं, गॅस डब्यात साचायचा. "ठिणगीचीच वाट होती," तो म्हणाला. "इतके दिवस कशी थांबली, हेच नवल." इतके दिवस मी त्या डब्यापासून हातभर अंतरावर बसून होते, भाकरी खात होते, खिडकीला डोकं टेकून झोपत होते. जावयाने विचारलं, मामी, घाम का आला? मी म्हटलं, ऊन आहे.

सुरतेला डोळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस समोरून गेलेलं कळतं. तोंड कळत नाही. मोठ्या गाडीचं लायसन्स गेलं. जावयाच्या ओळखीने भेस्तानच्या एका मिलच्या गेटवर ह्यांना बसायचं काम मिळालं.

मिलपासून त्या वायरमनचं दुकान लांब नाही. एके दिवशी ह्यांना डबा देऊन येताना मी तिथे गेले. मी रागात होते. काय काय बोलायचं ते रिक्षात जुळवून ठेवलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. फ्रिजचं म्हटल्यावर ओळखलं.

"काका परत आलेच नाहीत," तो म्हणाला. "त्यांचा रिड्युसर मी आणून ठेवला होता, वर त्या फळीवर. किती दिवस कुणाला दिला नाही. काका बरे आहेत ना?"

त्याच्या हातात सोल्डरची तार होती आणि तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, बरे आहेत. आणि निघाले. हे मी घरी सांगितलेलं नाही.

आता सुई मीच भरते, कारण ह्यांना नळीवरच्या रेघा नीट दिसत नाहीत. दर काही महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. आम्ही दोघं डाव्याचीच काळजी घेऊन जायचो, पट्टी, थेंब, सूज. गेल्या खेपेला डॉक्टरांनी डाव्याकडे फार वेळ बघितलं नाही. उजव्यात औषध घातलं, आम्हाला बाहेर बसवलं, परत आत बोलावलं आणि बारीक दिवा लावून बराच वेळ उजव्यातच बघत बसले. मग दिवा बंद केला. साखरेने आतल्या बारीक शिरा झिरपायला लागल्यात म्हणाले. आत्ता दिसायला काही त्रास नाही, पण लवकर परत या, लांबवू नका.

बाहेर आल्यावर औषधामुळे ह्यांना उन्हात डोळे उघडता येत नव्हते. रस्ता ओलांडायला मी हात धरला. समोरून एक गाडी येत होती, गाठींनी भरलेली. ती जाईपर्यंत आम्ही कडेला थांबलो.

"कोनती गाडी शे?" ह्यांनी विचारलं.

मी पाटी वाचून सांगितली. आपली नव्हती.